चिंचेखालची जमीन

३ फेब्रुवारी

ठाण्याच्या ऑफिसमधून शुभदा मॅडमनी नवं काम दिलं. सबंध देशाच्या जमिनीच्या उंचीची जी माहिती उपग्रहांनी मोजली आणि सगळ्यांसाठी खुली ठेवली आहे, ती सगळी उतरवून घ्यायची. चार वेगवेगळ्या मोहिमांची, हजारो फायली. पृथ्वी एकेक अंशाच्या चौकोनांत कापलेली असते. एक चौकोन म्हणजे एक फाइल. तिच्यात बारीक चौकटी, बहुतेक मोहिमांत तीस मीटर रुंद, आणि प्रत्येक चौकटीत एक आकडा: समुद्रापासून इथली उंची. रस्ते नाहीत, नावं नाहीत, माणसं नाहीत. मला हे काम आवडतं ते म्हणूनच.

कोणती फाइल कधी उतरली याची नोंद मॅडमना पाठवायची आहे. ती वेगळी. ही माझी.

घरचं नेट चांगलं आहे, वीज चांगली नाही.

५ फेब्रुवारी

काल उतरवलेल्या फायलींपैकी पुष्कळशा एकाच आकाराच्या निघाल्या. दोन डोंगर तंतोतंत सारखे नसतात, तेव्हा शंका आली. उघडून बघितल्या. सर्व्हरने मला मध्येच बाहेर काढलं होतं आणि आपोआप काम करणारी माझी स्क्रिप्ट उंचीच्या फायलीऐवजी त्यांचं लॉगिनचं पान उतरवत बसली होती. नाव बरोबर, आत भलतंच. मी नावावर विश्वास ठेवला.

आता प्रत्येक फाइल उघडून बघायची असा नियम केला.

८ फेब्रुवारी

दिवसातून तीनदा वीज जाते, अर्धवट फायली राहतात. भाविक म्हणाला, "ताई, गोडाउनवर ये ना. तिकडं इन्व्हर्टर हाय, मोठी लाइन हाय, नि एसी पन हाय." भाविक माझा चुलतभाऊ, माझ्याहून तीन वर्षांनी लहान. दापोड्याला एका गोदामात सुपरवायझर आहे. काका गेल्यापासून तो आणि त्याची आई, रूपा काकी, दोघंच.

आज तिथे बसले. पत्र्याच्या भिंतींना लागून कोपऱ्यात काचेची केबिन. बाहेर फोर्कलिफ्ट, खोके, चिकटपट्टी ओढल्याचा आवाज. एक ड्रायव्हर काचेवर टकटक करून म्हणाला, "मॅडम, गाडी कब खाली होगी?" मी म्हटलं, मला माहीत नाही. तो म्हणाला, "इधर किसी को नहीं मालूम."

भाविक मधून मधून स्क्रीनवर डोकावतो. "अख्खा सह्याद्री माज्या राउटरमधनं चाललाय. टोल लावू?"

मी फायली मोजत राहिले. पण दुसऱ्यांदा आला तेव्हा थोडी हसले.

१६ फेब्रुवारी

गावच्या नाल्याच्या पलीकडे बोर्ड लागला. लॉजिस्टिक पार्क. दीपेश नावाच्या बिल्डरने तिथली शेतं घेतली आहेत, ती भरून उंच करायची आणि नाला दोन पाइपांतून काढायचा. आमच्या गावाच्या खालच्या पाड्याचं पाणी त्याच नाल्याने खाडीला जातं. गेल्या पावसाळ्यात ते काकीच्या ओट्याच्या वरच्या पायरीला लागलं होतं, आणि तेव्हा पलीकडची शेतं मोकळी होती. ती भरली तर पाण्याला जायला पाडाच उरतो. पाड्यात एकवीस घरं, सगळ्यात खाली काकीचं.

संध्याकाळी गावदेवीच्या देवळात सगळे जमले. हरकतीच्या अर्जावर पहिली सही बाबांनी केली. बाबांना गावात मान आहे. ते उठले की बाकीचे उठतात. सुनावणी एप्रिलमध्ये सरकारी कचेरीत आहे. बाबा म्हणाले, "माज्या पोरीला नकाशे येतात. ती दाखवील साहेबाला पानी कुठून जाते ते."

सगळे माझ्याकडे बघत होते. मला ते आवडत नाही. पण हो म्हटलं.

२३ फेब्रुवारी

देशाच्या फायलींतून आपला चौकोन वेगळा काढला आणि पाड्यावर मोठा करून बघितला. पाडा उंच दिसतो. नाल्यापलीकडच्या शेतांहून चांगला तीन-चार मीटर उंच. दापोड्याची गोदामं तर टेकड्या आहेत.

कारण साधं आहे. उपग्रहाला जमीन दिसत नाही, वरून पहिलं जे लागतं ते दिसतं. गोदामाचं पत्र्याचं छप्पर, घरांची कौलं, झाडं. पाड्यात घरं दाटीने आहेत आणि त्यांच्यावर जुन्या चिंचा. त्या सगळ्यांची सरासरी घेऊन आकड्याने ठरवलं की इथे टेकाड आहे.

रूपा काकीला समजावलं. ती भाकऱ्या थापत होती.

"मंजे आमची चिच त्याला डोंगर वाटली?"

"हो."

"नि इतक्या वरून बगून त्याला पाला नि माती वलकत न्हाय? मेला आंधला हाय का?"

"आंधळा नाही. त्याला तेवढंच विचारलेलं असतं."

"मग तू इचार की नीट," काकी म्हणाली आणि भाकरी उलटली.

२ मार्च

मॅडमच्या ओळखीने लेव्हलचं यंत्र आणि उंच पट्टी मिळाली. सुट्टीच्या दिवशी मी आणि भाविकने पाडा मोजला. मी दुर्बिणीला डोळा लावून, भाविक पट्टी धरून दारोदार. प्रत्येक दारात कोणी ना कोणी विचारायचं, "काय रे, लग्न ठरलं का? मंडप घालतंस?" आणि तो म्हणायचा, "हां, ताईचं. उपग्रहाशी."

पाड्याची खरी जमीन पलीकडच्या शेतांच्या बांधाहून खाली आहे. सगळी. काकीचा उंबरा नाल्याच्या काठाशी जवळपास बरोबरीचा.

आमचं स्वतःचं खालचं शेत तेवढं राहिलं. नाल्याच्या अलीकडे, पाड्याला लागून. ते बाबांनी ट्रेलर उभे करायला कोणाला तरी भाड्याने दिलं आहे, आणि सभोवार हिरवी जाळी लावली आहे. बाबा म्हणाले, "तिकडं नको जावस बाय. परकी मानसं, कुत्रे सोरलेत." तिथे शेजारच्या बांधाचे आकडे धरून मधली जागा सपाट मानली. एवढ्याने फरक पडू नये.

९ मार्च

आता तीन नकाशे आहेत. एक जुन्या मोहिमेचा, गोदामं व्हायच्या आधीचा. त्यातली जमीन आता शिल्लक नाही. एक नव्या मोहिमेचा, ज्यात छपरं आणि झाडं जमीन झाली आहेत. तिसरा माझा: नव्यातून छपरं आणि झाडं वजा करून, मोजलेल्या आकड्यांवर बसवलेला. आजची जमीन त्या तिसऱ्यातच आहे. पाणी कुठे साचेल ते त्यात निळ्या रंगात दाखवलं. सगळा खालचा पाडा निळा. काकीच्या घरात कमरेएवढं.

जेवण झाल्यावर बाबा माझ्या शेजारी येऊन बसले. मी इंजिनियर झाल्यापासून त्यांनी पहिल्यांदा माझ्या स्क्रीनकडे नीट बघितलं. एकेक नकाशा समजावून घेतला. कुठल्या नकाशात काय दिसतं, कशाने दिसतं.

"मंजे या मधल्यात आपला पाडा उंच हाय?"

"दिसतो. नाही."

"नि यो सरकारी हाय? हात न लावलेला?"

"हो, मूळचा. मोहिमेने मोजला तसा."

"मना त्यो पन पाठव. साहेबानी इचारलं तर म्हाईत पायजे ना मानसाला."

मी भाविकला आणि बाबांना दोघांनाही फोल्डरची लिंक दिली. मूळच्या नकाशात खाडीजवळ दलदलीत एक रिकामी जागा आहे, तिथून रडारचा परतीचा सिग्नल मिळालेला नाही. बाबांना दाखवताना ते भोक वाईट दिसत होतं म्हणून मी तात्पुरता चौकोन आखून त्यात तीन हा आकडा भरला होता. पाठवताना तो तसाच राहिला. पाड्यापासून लांब आहे.

बाबा उठताना माझ्या डोक्यावर हात ठेवून गेले. हे लिहायचं कारण नाही, पण लिहिलं.

२१ मार्च

बाबांनी टेमघरला तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला आहे. मला आज कळलं. म्हणाले, तुझ्या कामासाठी, तिकडे वीज जात नाही, नेट चांगलं. मी म्हटलं, माझ्यासाठी एवढं कशाला. आई मासे साफ करत होती.  मान वर न करता तिने मला विचारलं, "तिकडच्या गॅलरीतनं रूपाचं घर दिसंल का गो?"

मी मनाशी अंतर धरलं. मध्ये इमारती आहेत. "नाही दिसणार," म्हटलं.

"बरं झालं," आई म्हणाली.

दुपारी दीपेश घरी आला होता. मी दापोड्याहून परत आले तेव्हा त्याची गाडी निघत होती. बाबा म्हणाले, अर्ज मागे घ्या म्हणून विनवायला आला होता, चहा पाजून वाटेला लावला. कप तिघांचे होते. तिसरा कोण, विचारायचं राहिलं.

२ एप्रिल

देशाच्या फायली संपत आल्या. ईशान्येकडचे काही चौकोन सारखे तुटतात. सुनावणीची तयारी झाली आहे. नकाशा मोठ्या कागदावर छापून घेतला. काकीने त्यावर स्वतःचं घर शोधलं, बोट ठेवलं, आणि बोट निळ्यावर पडलेलं बघून पदराला पुसलं.

११ एप्रिल

सुनावणी झाली. क्रमाने लिहिते.

आमच्या बाजूने मी बोलले. बाबा मागच्या रांगेत, त्यांच्या शेजारी काकी, दाराशी भाविक. मी नकाशा लावला, उपग्रहाला काय दिसतं आणि काय दिसत नाही ते सांगितलं. साहेबांनी ऐकून घेतलं. मग दीपेशचा सल्लागार उठला. त्याने त्याचा नकाशा लावला. नव्या मोहिमेचा, मूळ. त्यात पाडा पिवळा, उंच. पलीकडची शेतं खाली. म्हणाला, "सर, ही आंतरराष्ट्रीय पातळीवर मान्य असलेली, सार्वजनिक माहिती आहे. यात आम्ही काहीही केलेलं नाही. वस्ती प्रस्तावित जागेपेक्षा उंचावर आहे. पाणी वर चढत नाही."

कोणीतरी हसलं.

साहेबांनी मला विचारलं, "तुम्ही हीच माहिती वापरली?"

"हो. ती दुरुस्त करून."

"म्हणजे आकडे बदललेत."

"झाडं आणि छपरं वजा केली."

"बाई, मी सोपं विचारतो. मूळ आकडे तुम्ही बदललेत का?"

"हो," मी म्हटलं.

"तुमच्या मोजणीवर कोणा अधिकृत मोजणीदाराची सही?"

"नाही."

तेव्हा माझं लक्ष त्यांच्या नकाशाच्या डाव्या कडेला गेलं. खाडीजवळ, दलदलीत, एक चौकोन. सरळ कडांचा, एकाच रंगाचा. खाडीत चौकोन नसतात. तो माझा होता. त्यात तीन भरलेला होता.

म्हणजे त्यांनी ती माहिती कुठूनही उतरवलेली नव्हती. ती माझ्या फोल्डरमधली होती. आणि "यात काहीही केलेलं नाही" हे खोटं होतं. ते सिद्ध करायला मला एक मिनिट पुरलं असतं. मूळ फाइल माझ्या लॅपटॉपवर होती. साहेब विचारत होते, आणखी काही सांगायचंय का.

मी मागे बघितलं. भाविक दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. बाबा खाली बघत होते. काकी माझ्याकडे बघत होती, माझ्यावर पूर्ण विश्वास ठेवून.

फाइल माझीच आहे हे सांगितलं असतं तर ती त्यांच्याकडे कशी गेली हेही सांगावं लागलं असतं. लिंक दोघांनाच दिली होती. काकीसमोर तिच्या मुलाचं नाव घ्यावं लागलं असतं.

"नाही," मी म्हटलं.

हरकत फेटाळली.

१२ एप्रिल

सकाळी भाविकला ओट्यावर गाठलं. काकी पाण्याला गेली होती. मी आवाज चढवला नाही.

"नकाशा दीपेशला तू दिलास."

तो बूट घालत होता. एक पायात होता, एक हातात. 

"कोन बोललं तुला?"

"कोणी नाही. लिंक दोघांकडे होती. तुझ्याकडे आणि बाबांकडे."

तो माझ्याकडे बघत राहिला. मी काहीतरी पुढे बोलेन याची वाट बघत असल्यासारखा. मला जे म्हणायचं होतं ते झालं होतं.

"काकांना इचारलंस?"

"त्यांना काय विचारायचं? पहिली सही त्यांची आहे."

त्याने दुसरा बूट घातला, नाडी बांधली, सोडली, परत बांधली. मग म्हणाला, "बरं. मीच दिला समज."

"समज म्हणजे?"

"दिला, ताई. बास?" आणि गाडीला किक मारून ड्युटीला गेला.

असं करण्यात त्याचा काय फायदा, मला कळत नाही. घर तर त्याचंच सगळ्यात खाली आहे. लोक स्वतःचं नुकसान करून घेतात, याला हिशेब नसतो.

बाबांना सांगितलं. ते झोपाळ्यावर होते. झोपाळा थांबला. "पोर हाय," ते म्हणाले. "सोर. त्याला कई बोलू नकोस. कोनालाच बोलू नकोस."

त्यांचं मन मोठं आहे.

१८ मे

डंपर रोज येतात. पलीकडची शेतं गेली. पाइप टाकले. गोदामावर जाणं मी बंद केलं आहे. टेमघरला राहायला आलो. इथे वीज जात नाही. देशाच्या सगळ्या फायली पूर्ण उतरल्या, प्रत्येक उघडून बघितली, एकही खोटी नाही. मॅडम म्हणाल्या, इतकं स्वच्छ काम त्यांनी बघितलेलं नाही.

आई दिवसभर गॅलरीत बसते. मध्ये इमारती आहेत.

२६ जुलै

सकाळी पाऊस आणि भरती एकत्र आले. नऊच्या सुमारास खालचा पाडा पाण्याखाली गेला. माणसं देवळात पोचली, सगळी. काकीच्या घराची नाल्याकडची भिंत पडली. दुपारी भाविक तिला घेऊन आमच्याकडे आला. दोघं भिजलेली, काकीच्या हातात फक्त भाकरीचा तवा. तोच का उचलला, तिलाही सांगता आलं नाही.

आईने तिला कोरडं लुगडं दिलं आणि तिच्या केसांतलं पाणी पुसत राहिली. मग बाबांकडे न बघता म्हणाली, "आता तरी बोला."

बाबा उठून स्वयंपाकघरात गेले. त्यांनी स्वतः चहा केला. त्यांना चहा करताना मी कधी बघितलं नव्हतं. साखर कुठे आहे हे त्यांना सापडेना. डबे वाजत होते. कप भाविकला देताना चहा बशीत सांडला. भाविक म्हणाला, "राव द्या काका," आणि बशीतला चहाही पिऊन टाकला.

आमच्या घरात बसून, आमच्याच हातचा चहा. मला त्याच्याकडे बघवलं नाही. काकी त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती, तिला काही माहीत नाही.

माझ्या नकाशात काकीच्या घरात कमरेएवढं पाणी होतं. प्रत्यक्षात छातीपर्यंत आलं. एवढी चूक व्हायला नको होती.

२९ जुलै

पाणी ओसरल्यावर जाऊन बघितलं. चूक सापडली. आमचं खालचं शेत मी न मोजता सपाट धरलं होतं. ते भरलेलं निघालं. जाळी वाहून गेली आहे, आत माणसाच्या उंचीचा भराव, पलीकडच्या भरावाच्या बरोबर पातळीत, मधून नाल्याचे पाइप. नाल्याला दोन्हीकडून भिंत झाली आणि पाणी पाड्यात कोंडलं.

बाबा म्हणाले, ट्रेलरवाल्यांनी न विचारता भरलं असणार.

चूक माझी. न मोजलेल्या जागेचा आकडा गृहीत धरायला नको होता.

१९ ऑगस्ट

खालच्या पाड्यातल्या आठ घरांनी जागा दीपेशला दिल्या. काकीनेही. ती आता भाविकबरोबर शेलार गावात भाड्याच्या खोलीत राहते. चिंचा तोडल्या, रस्ता तिथून जाणार आहे. आईने खोडाचा एक तुकडा मागून आणला आहे. मासे कापायला, म्हणते. अजून वापरलेला नाही.

नव्या मोहिमेची पुढची आवृत्ती येणार असल्याचं पत्रक आलं. मॅडमना तीही हवी आहे, सगळी. आता झाडं नाहीत, त्या आठ घरांची छपरं नाहीत, तेव्हा तेवढ्या जागी तरी उपग्रहाला जमीन दिसेल. मी मोजली होती तीच. गोदाम उभं राहायच्या आत त्याची फेरी झाली तर.

डिस्कवर जागा करायला बसले. सुनावणीचं फोल्डर अजून तसंच होतं. त्याच्याशी जोडलेली एक नोंद असते: लिंक कोणी उघडली, कोणती फाइल कोणाच्या खात्यातून पुढे गेली, कोणत्या तारखेला. एक टिचकी मारली की दिसते. मी बघितलं नाही. जे माहीत आहे ते परत काय बघायचं.

फोल्डर पुसताना संगणकाने विचारलं, नोंदीसकट कायमचं पुसायचं का. जागा हवी होती. हो म्हटलं.

स्वयंपाकघरातून बाबांनी हाक मारली, "बाय, चा झाली." हल्ली रोज तेच करतात. साखर जास्त पडते. मी तसाच पिते.